सहाव्या मजल्याखालचा राब

फ्लॅट मी खिडकीसाठी घेतला. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण ऐकणारा हसतो. लोक फ्लॅट घेताना पाणी बघतात, स्टेशन किती लांब ते बघतात, सासू असेल तर संडास कुठल्या दिशेला ते बघतात. मी सहाव्या मजल्यावरच्या त्या अर्धवट हॉलमध्ये, सिमेंटच्या गोण्यांमधून वाट काढत पश्चिमेच्या खिडकीशी गेले, खाली पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाले, हाच घ्यायचा. खाली माझ्या बापाचं शेत होतं. बांधावर बसून तो पायातला काटा काढत होता.

आई गेल्यापासून बाबा वाडीतल्या घरात एकटे राहत होते. मी त्यांची एकुलती एक. मी शेणवे गावाकडच्या शाळेत शिक्षिका, नवऱ्याची नोकरी ठाण्याला, आणि पोरगी पाच वर्षांची. वरून बाबांवर लक्ष राहील, असं मी नवऱ्याला पटवलं. पुढे जे झालं ते त्या खिडकीमुळे झालं असं म्हणून मी बरेच दिवस स्वतःला फसवलं. खिडकी बिचारी काय करणार? खिडकीत उभी राहून बघत होते ती मी.

आमची वाडी शहापूरच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला. मी कॉलेजात होते तेव्हा, नव्वदीच्या सुरुवातीला, ओढ्यापलीकडच्या माळावर कॉलनी झाली. तळमजला आणि वर दोन मजले अशा आठ इमारती, मधे बाग, बागेत घसरगुंडी. कल्याण-डोंबिवलीत जागा परवडेना म्हणून लोक इकडे आले. आधी त्यांना आमची भीती वाटायची आणि आम्हाला त्यांची. मग बाबा त्यांच्याकडे दूध घालायला लागले, आणि दुधाने जे होतं ते भाषणाने होत नाही. दहा-बारा वर्षांत कॉलनी मुरली. बदामाची झाडं गच्चीला टेकली, पोरं मोठी होऊन नोकरीला लागली. कॉलनीतल्या बाया उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत घालण्याआधी बाबांना विचारायच्या, "यंदा राब कधी हो?" बाबा सांगतील ते दोन-तीन दिवस त्या कपडे आत घालायच्या, खिडक्या लावायच्या आणि नंतर भांड्यांसाठी राखेचा डबा भरून न्यायच्या.

राब म्हणजे भाताच्या रोपाची जागा भाजणं. होळी झाली की त्या तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर झाडाच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर सुका पातेरा आणि गवत, आणि वरून मातीचा हलका थर, म्हणजे भडका उडत नाही. मग पेटवायचं. जमीन भाजली की तणाचं बी मरतं, आणि पावसाच्या आधी तिथे भात पेरलं की रोप काळंभोर, दाट येतं. राब नसेल तर रोपापेक्षा गवत जास्त. हे मला कुणी शिकवलं नाही. मी त्या धुरातच मोठी झाले. लहानपणी राबाच्या दिवशी माझे डोळे चुरचुरायचे आणि मला ते सणासारखं वाटायचं.

कॉलनी आणि आमचं शेत यांच्यामध्ये शेजाऱ्याचं शेत होतं आणि आंब्यांची रांग. शेजाऱ्याच्या मुलांनी ते विकलं. आंबे तोडले आणि कॉलनीच्याच नावाने, कॉलनीच्याच बागेचा आणि रस्त्याचा फोटो जाहिरातीत छापून, तिथे तीन टॉवर उभे राहिले. सात-सात मजल्यांचे. आता हसू येईल, पण तेव्हा आमच्या भागात माहुलीचा किल्ला सोडला तर एवढं उंच दुसरं काही नव्हतं. शेवटचा टॉवर थेट आमच्या बांधाला लागून.

"सहाव्या माल्यावर?" बाबा म्हणाले. "कावला पन दमल गो तिथवर."

"लिफ्ट हाय, बाबा."

"कावल्याला?"

घरात राहायला गेलो त्या दिवशी ते किटली घेऊन वर आले, लिफ्टने नाही, जिन्याने. खिडकीशी जाऊन त्यांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, "हितून तं माजं बसनं-उठनं सगला दिसल तुला. आता बिडी कुठं वढू मी?" पोरगी त्यांच्या धोतराला लोंबकळत होती. मला वाटलं, सगळं जमून आलं. माणसाला असं वाटतं तेव्हा कुणीतरी कानाखाली वाजवायला हवी.

तिथल्या आमच्या पहिल्याच एप्रिलात राबाचा धूर आमच्या हॉलमध्ये शिरला. बैठ्या इमारतींवरून जो आंब्यांना अडून, विरून जायचा तो आता भिंतीला लागून सरळ वर चढत होता. पोरगी आठवडाभर खोकली. मी हळद-दूध दिलं. दुसऱ्या वर्षी खोकला थांबेना, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायला लागली. दवाखान्यात तीन दिवस ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, बाळदमा आहे, धूर तिला विष आहे. वाफेचं मशीन घरी घ्यायला लावलं, तोंडाने ओढायचा पंप दिला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी आणायला उशीर झाला तर माझ्या हातात काही उरणार नाही."

हे मी बाबांना सांगितलं. पण कसं सांगितलं? डॉक्टर म्हणतात धुराने त्रास होतो, असं. कुठला धूर, कुणाचा, ते मी बोलले नाही आणि त्यांनी विचारलं नाही. आमच्या घरात अवघड गोष्टी अशाच बोलल्या जातात. बोललं तर जातं, पण ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं.

तिसऱ्या वर्षी होळीनंतर बाबांनी शेण पसरायला सुरुवात केली आणि टॉवरमध्ये कुजबुज सुरू झाली. टॉवरमधले बहुतेक लोक नवे. त्यांना दूधवाला माहीत होता, राबवाला माहीत होता, आणि ते दोघे एकच आहेत हे थोड्यांनाच माहीत होतं. तो माझा बाप आहे हे तर फक्त माझ्या मजल्यावरच्या शेजारीण काकूंना ठाऊक होतं. आमच्याच मातीत उभ्या असलेल्या इमारतीत मी पाहुण्यासारखी राहत होते. लोक मला "मॅडम" म्हणायचे. मला ते आवडायचं. लिहून टाकते, आवडायचं.

सोसायटीचे सेक्रेटरी एका संध्याकाळी कागद घेऊन दारात आले. ग्रामपंचायतीला अर्ज होता. शेजारच्या शेतात दरवर्षी कचरा जाळला जातो, त्याने लहान मुलांच्या जिवाला धोका आहे, तो बंद करावा. "मॅडम, तुमच्या मुलीमुळेच हा अर्ज करतोय. तुमची सही सगळ्यात वर हवी." वरची ओळ त्यांनी माझ्यासाठी मोकळी सोडली होती.

तेव्हा म्हणायला हवं होतं की तो कचरा नाही. म्हणायला हवं होतं की ते माझे वडील आहेत, मी त्यांच्याशी बोलते, अर्ज कशाला. आतल्या खोलीत पोरीच्या वाफेच्या मशीनचा आवाज चालू होता. मी सही केली. फळ्यावर लिहिते तशी सुवाच्य. मनाला म्हणाले, पंचायतीत शंभर अर्ज येतात, बाबांना कोण दाखवतंय.

दुसऱ्या दिवशी मी शेतावर गेले. सही केलेली असल्यामुळे आवाज जरा जास्तच चढला.

"बाबा, यंदा राब नका करू तुमी."

"मग रोप कसा येल?"

"दुसऱ्या जागी करा."

"दुसरी जागा खालची हाय, पानी साचतं. रोप कुजल. तुला म्हाईत नाय काय?" ते फांद्या सारखं करत होते. "एक वरीस राब नाय केला तं निस्ता गवात कापाचा."

"आनि पोरीला काय झाला तं?"

त्यावर त्यांनी हातातली फांदी खाली ठेवली आणि टॉवरकडे मान वर करून पाहिलं. मला वाटलं ते चिडतील. ते एवढंच म्हणाले, "बगतो काय कराचा ता."

चार दिवसांनी मला खिडकीतून दिसलं. शेताच्या मध्यावर त्यांनी बांबू रोवला होता आणि त्याच्या टोकाला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. सकाळी मी शाळेला निघताना ते बांबूखाली उभे असायचे. दुपारी परत आले तरी तिथेच. पोरगी खिडकीतून ओरडायची, "आबा, पतंग लावलाय का?" आणि ते हात हलवायचे. पंधरा दिवस त्या माणसाने वारा पाहिला. शाळेत कधी न गेलेला माझा बाप माझ्या मुलीसाठी अभ्यास करत होता.

मग एका दुपारी ते वर आले. खूश होते. पहाटेपासून वारा डोंगराकडून येतो, म्हणाले, म्हणजे टॉवरकडून शेतावर, तिथून पलीकडच्या नदीकडे. दुपारी बारानंतर तो उलटतो आणि समुद्राकडून टॉवरवर येतो. लोक राब दुपारी पेटवतात, सगळं कडकडीत सुकल्यावर. "म्हनून तं धूर तुमच्याकं येतं. मी पाट्टे पेटविन. नऊ-धाला सगला इजून जाल. पोरीच्या नाकाला कलाचा पन नाय."

नवरा म्हणाला, तरी त्या दिवशी मुलीला त्याच्या बहिणीकडे पाठवू. पण मुलीची वार्षिक परीक्षा चालू होती, आणि आकाशात वळवाचे ढग दिसायला लागले होते. राब भिजला तर वर्ष गेलं. परीक्षा संपेपर्यंत बाबांना थांबता येत नव्हतं. मी म्हणाले, वारा उलट आहे, नऊला संपेल, कशाला पाठवायचं. माझी पोर, माझा बाप, आणि निर्णय माझा.

एक गोष्ट बाबांच्या ध्यानात आली नाही. राब दुपारी पेटवतात तो दव सुकावं म्हणून. आमच्याकडे ओढ्याच्या काठाला एप्रिलातही पहाटे दव पडतं. पण ते कोवळ्या उन्हाने आठाच्या आत उडतं, हा त्यांचा जन्मभराचा अनुभव, आणि तो खरा होता. तो अनुभव टॉवरच्या आधीचा होता. आता सूर्य टॉवरच्या मागून उगवत होता. दहा-साडेदहापर्यंत सात मजल्यांची सावली बरोबर त्या राबाच्या तुकड्यावर पडलेली असायची. बाबा सावलीत उभे राहून वर चिंधीकडे बघत होते, त्यांना खालचं कसं दिसावं? मला दिसत होतं. रोज सकाळी केस विंचरताना मला ती सावली दिसायची. आमच्या खिडकीची सावली कुठे असेल, हे मी पोरीला बोट करून दाखवायचे. शेतकऱ्याची पोर मी, ओला पाला पेटत नाही, धुमसतो, हे मला माहीत होतं. पण मी मॅडम झाले होते.

त्या दिवशी साडेपाचला त्यांनी राब पेटवला. मी खिडकीतून पाहिलं. पांढरा धूर जमिनीलगत सरपटत नदीकडे गेला, अगदी ते म्हणाले तसा. त्यांनी वर बघून हात केला, मी हात केला. नवरा ठाण्याला गेला, पोरीला मी शाळेत सोडलं. परीक्षा सुटल्यावर शेजारीण काकू तिला घेऊन येणार होत्या. शेणव्याला जाणाऱ्या जीपमध्ये मी चक्क गुणगुणत होते.

साडेबाराला परत येताना वळणावर जीपमधला एकजण म्हणाला, "आग लागली काय टावरला?" मी पाहिलं. टॉवर चौथ्या मजल्यापासून वर दिसतच नव्हता. पिवळट, जड धूर भिंतीला चिकटून उभा होता. सात तास तो राब जळला नव्हता, नुसता वाफाळत राहिला होता. सावली सरली, ऊन आलं, राबाने जरा जोर धरला, तोच वारा फिरला.

जीप थांबायच्या आत मी उडी मारली. वीज अकरालाच गेली होती. तेव्हा रोज पाच-सहा तास जायची, टॉवर काय आणि झोपडी काय, तारा एकच. लिफ्ट बंद. मी जिने चढायला लागले. जिन्याच्या जाळ्या पश्चिमेला होत्या, धूर त्यातून आत येऊन मजल्यामजल्यावर साचला होता. मी पदर तोंडात कोंबला. चौथ्या मजल्यावर मी कठडा धरला आणि स्वतःला आईवरून शिव्या दिल्या.

काकूंनी खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबले होते. बिचाऱ्या रडत होत्या. "पंप दिला गं दोनदा, उतरत नाही. मशीनला वीज नाही. फोन लागत नाही." पोरगी त्यांच्या सोफ्यावर बसली होती, हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून. तिच्या ओठांचा रंग जांभळासारखा झाला होता. मला बघून तिने बोलायचा प्रयत्न केला, पण श्वासात शब्दाला जागाच नव्हती. परीक्षेचं पॅड अजून तिच्या मांडीवर होतं.

मी तिला उचललं आणि ओला टॉवेल तिच्या तोंडावर धरून उतरायला लागले. पाचवा. चौथा. प्रत्येक मजल्यावर लोक दारात येऊन ओरडत होते, कुणी राबवाल्याला शिव्या देत होतं, कुणी बादल्या मागत होतं. तिच्या छातीतली शिट्टी माझ्या कानाशी होती. दोन शिट्ट्यांमधलं अंतर वाढत होतं. मी नुसती म्हणत होते, घे गं, घे गं, श्वास घे गं.

तिसऱ्या मजल्यावर समोरून बाबा वर येत होते. वारा फिरल्याबरोबर त्यांनी एकट्याने राबावर माती आणि पाणी ओतायला सुरुवात केली असणार. भुवया जळल्या होत्या, हात कोपरापर्यंत काळे. ते धावत चढले होते. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"दे... माज्याकं दे. मी पलतो."

ते माझ्यापेक्षा वेगाने पळाले असते. चिखलातून भाताचे भारे वाहिलेला माणूस. पण त्यांच्या अंगातून धूर येत होता, कपड्यातून, केसांतून, आणि पोरीने त्या वासाने अंग आखडलं. मी किंचाळले, "हात नका लावू! जवळ येऊ नका तिच्या!"

ते भिंतीला चिकटून उभे राहिले. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "हाच तो! हाच जाळतो!" दोघातिघांनी त्यांची बंडी धरली. मला ते दिसलं. मी तिथे एक वाक्य बोलायला हवं होतं. चार शब्दांचं. ते माझे वडील आहेत. त्याला श्वास लागतो तरी किती? मी त्यांच्या बाजूने वळून खाली गेले.

जुन्या कॉलनीतल्या एका काकांनी गाडी काढली. दवाखान्यात तिच्या नाकाला नळी लागली, दंडात सुई गेली, आणि मी भिंतीशी उकिडवी बसून देव, धर्म, जे आठवेल त्याला हाका मारत राहिले. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, वाचली. दहा मिनिटं उशीर झाला असता तर, असं म्हणून त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर म्हणाली, "बाहेर चिंचेखाली एक म्हातारा कालपासून बसलाय. तुमचंच नाव घेतो. आत या म्हटलं तर येत नाही. म्हणतो, अंगाला वास आहे."

मी बाहेर गेले. त्यांनी येण्याआधी ओढ्यावर अंघोळ केली होती, कुणाचा तरी स्वच्छ सदरा मागून घातला होता. तरी मला बघताच ते उठून चार पावलं मागे सरले.

"बरी हाय?"

"बरी हाय."

ते खाली बसले आणि डोक्याला हात लावून हुंदके द्यायला लागले. बापाला रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसले. मला वाटलं आता सांगून टाकावं, नाहीतर छाती फुटेल.

"बाबा, तो पंचायतीतला अर्ज... त्याच्यावर..."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं. "बांबू रोवाच्या आदीच बोलावला व्हता मना पंचायतीत. कागुद दाकवला. वाचाला नाय येत, पन तुजी सही वलकली मी. तूच नाय काय शिकवलीस मना?"

मी चौथीत असताना त्यांना सही करायला शिकवली होती. माझ्या प्रगतिपुस्तकावर अंगठा नको म्हणून मी हट्ट धरला होता. आधी माझं नाव पाटीवर लिहून दाखवलं, मग त्यांचं. आमच्या दोघांच्या सहीत आडनावाखाली एक लांब रेघ होती. लग्नानंतर आडनाव बदललं, रेघ मी तशीच ठेवली होती.

म्हणजे बांबूवर चिंधी बांधली तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. पंधरा दिवस वाऱ्याकडे बघत उभे होते तेव्हाही.

"आनि जिन्यात," मी म्हणाले, "त्यांनी तुमाला..."

"काय नाय केला. इचारलान कशाला वर आलास. मी बोल्लो, दुदाची किटली रायली व्हती." मग म्हणाले, "तुजा नाव नाय घेतला मी."

त्यांनी पंचायतीत लिहून दिलं की पुन्हा राब करणार नाही. खाली सही केली, रेघेसकट. त्या पावसाळ्यात न भाजलेल्या जागेवर भात पेरलं. रोपात गवत की गवतात रोप, ते खिडकीतून कळायचं नाही. अर्ध्या शेतात लावणी झाली, अर्धं तसंच राहिलं. दूध ते आणत राहिले, पण खाली वॉचमनच्या टेबलावर किटली ठेवून जायचे. वर या म्हणून मी कितीदा बोलावलं. पोरीने हट्ट केला, रुसली. "जिना चडवत नाय आता," म्हणायचे. पोरगी खिडकीतून "आबा" म्हणून हाक मारायची, ते शेतातून हात वर करायचे. वाडीतल्या घरी ती गेली तर आधी चूल विझवायचे, मग तिला आत घ्यायचे.

दिवाळीनंतर सोसायटीची सभा झाली, खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पोरगी माझ्या मांडीवर बसली होती. सेक्रेटरींनी वर्षभरात काय काय कामं झाली ते वाचून दाखवलं. जिन्याला रंग, नवा पंप. मग म्हणाले, "आणि धुराचा प्रश्न कायमचा सुटला आहे. त्या राबवाल्याने लेखी दिलंय. याचं श्रेय सगळ्यात आधी सही करणाऱ्या आपल्या मॅडमना." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही बाया माझ्याकडे बघून कौतुकाने हसल्या.

पोरीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. टाळ्या थांबल्या होत्या, त्यामुळे तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"आई, राबवाला म्हणजे आपले आबा ना?"

पार्किंगमधली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. फाटकाशी वॉचमनच्या टेबलावर सकाळची किटली अजून तशीच होती.

मी तिला म्हणाले, "गप्प बस. मोठ्यांची मीटिंग चालली आहे."